डोळ्यांत थेंब टाकण्यापूर्वी



वसंत व्याख्यानमालेत डोळ्यांच्या औषधावर एका कामगार कार्यकर्त्याने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय डॉक्टरांचा आहे आणि आम्ही डॉक्टर नाही. आम्ही रजा, हजेरी आणि भरपाईच्या फायली वागविणारी माणसे. पण हा विषय आमच्यापुढे त्या फायलींतूनच आला. ज्याची दृष्टी गेली त्याची फाईल टेबलावर येते, तेव्हा युनियनला त्याच्यासाठी भरपाई मागता येते, हलके काम मागता येते. डोळा परत मागता येत नाही. तेव्हा फाईल येण्यापूर्वीच दोन शब्द बोलावेत, हे बरे. वैद्यकातले जे सांगणार आहोत ते डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून मिळविलेले आहे. त्याने डॉक्टरांची जागा भरून निघत नाही, इतके प्रथमच सांगून ठेवतो.

सांगावयाची गोष्ट एकच आहे. खाजणाऱ्या डोळ्याला सर्वांत झटपट आराम देणारा थेंब हा पुष्कळदा सर्वांत धोक्याचा थेंब असतो. तो धोका डोळ्याला दिसत नाही, दुखत नाही, खुपत नाही. मात्र बाटलीवरची अक्षरे वाचली, तर तो ओळखता येतो.

प्रथम आपल्या कात्रजकडे पाहू. घाटातून आणि नव्या बोगद्यातून उतरणारी वाहतूक आपल्या दारावरून जाते. बायपासवर रात्रंदिवस ट्रक चालतात. कोंढव्याच्या रस्त्याचे काम वर्षानुवर्षे चालले आणि त्याची धूळ आपण सर्वांनी खाल्ली आहे. टेकड्यांच्या पोटाशी इमारती उठल्या, त्यांच्याबरोबर सिमेंट, वाळू आणि खडीची ने-आण आली. चैत्र-वैशाखात वारा सुटला की हे सगळे हवेत जाते. त्यात झाडांचे परागकण मिसळतात. घरात गादी-उशांमधले, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतातच.

आणखी एक वस्तू आहे, आणि तिचा पुण्याशी जुना संबंध आहे. मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांचे जे गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, माजलेले दिसते, ते १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम लक्षात आले आणि १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने कातडीला विकार होतो, आणि परागाने शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी हा त्रासही होतो. उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या बायाबापड्यांचे डोळे संध्याकाळी लाल झालेले आपण पाहतो. त्यांना हातमोजे मिळाले पाहिजेत आणि काम संपल्यावर हात-तोंड धुण्यास पाणी मिळाले पाहिजे, ही मागणी फार मोठी नाही.

आता ॲलर्जी म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतून एक पातळ अस्तर असते. त्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी पहारा करीत असतात आणि त्यांच्याजवळ हिस्टामिन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. पहारेकऱ्याने चोराला अडवावे ते ठीकच. पण ॲलर्जी असलेल्या माणसात हा पहारेकरी परागाच्या निरुपद्रवी कणालाही चोर समजतो आणि साठा रिकामा करतो. हिस्टामिन सुटले की रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो, पाणी येते आणि खाज सुटते. खाज सुटली की माणूस डोळा चोळतो. चोळले की आणखी पेशी आपला साठा सोडतात आणि खाज दुप्पट होते. चोळण्याने सुख मिळते ते क्षणाचे. मुलाने वर्षानुवर्षे डोळे चोळले, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचाही संभव वाढतो.

लाल डोळा म्हणजे ॲलर्जीच असे मात्र नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात आपल्या जिल्ह्यात आळंदीला डोळे येण्याची मोठी साथ आली आणि शाळेतली मुले पटापट आजारी पडली. ती साथ संसर्गाची होती. ॲलर्जीची मुख्य खूण म्हणजे खाज. बहुधा दोन्ही डोळ्यांना त्रास असतो, पाणी पातळ किंवा तारेसारखे चिकट असते, शिंकाही बरोबर असतात आणि दरवर्षी ठराविक दिवसांत हे परत येते. साथीच्या डोळ्यांत त्रास बहुधा एका डोळ्यात सुरू होऊन दुसऱ्यात जातो, खुपते, सकाळी पापण्या चिकटतात आणि घरातले एकामागून एक आजारी पडतात. ही ढोबळ ओळख झाली; निदान डॉक्टरांनीच करावयाचे. पण एकाच्या डोळ्याचे औषध दुसऱ्याच्या डोळ्यात का घालू नये, हे एवढ्यावरूनही कळेल.

ॲलर्जीवर पहिला उपाय बाटलीतला नाही. कामावरून आल्यावर हात आणि चेहरा स्वच्छ पाण्याने धुवावा. मिटलेल्या पापण्यांवर थंड पाण्याची स्वच्छ घडी पाच-दहा मिनिटे ठेवावी. खाज पुष्कळ कमी होते आणि खर्च काही नाही. दुचाकीवर चष्मा घालावा, हेल्मेटची काच खाली ओढावी. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. झाडताना केरसुणीने धूळ उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. मध, गुलाबपाणी, कुठला तरी पाला पिळून काढलेला रस, हे डोळ्यांत घालू नये. आजीच्या मायेबद्दल आम्हाला शंका नाही, पण डोळ्यात जाणारी वस्तू निर्जंतुक हवी, आणि स्वयंपाकघरात ती तशी राहत नाही.

एवढ्याने भागले नाही, म्हणजे बाटलीकडे वळावे लागते. दुकानात या बाटल्या एकसारख्या दिसतात. आतून मात्र त्या चार जातींच्या असतात आणि हा फरक कळला की अर्धे काम झाले.

पहिली जात कृत्रिम अश्रूंची. हे नुसते वंगण आहे. ते डोळ्यावरचे परागकण धुऊन काढते आणि कोरडेपणा कमी करते. यांतल्या पुष्कळ बाटल्यांवर कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज असे लांबलचक नाव असते. चारही जातींत ही सर्वांत निरुपद्रवी.

दुसरी जात खऱ्या ॲलर्जीविरोधी औषधाची. ओलोपॅटाडीन, किटोटिफेन ही त्यांतली नावे. ही औषधे हिस्टामिनला अडवितात आणि मास्ट पेशींना साठा सोडू देत नाहीत. काही मिनिटांतच आराम वाटू लागतो आणि बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा थेंब पुरतो. क्रोमोग्लायकेट नावाचे जुने औषधही याच घराण्यातले. पण त्याचा गुण यायला बरेच दिवस जातात आणि ते दिवसातून अनेक वेळा घालावे लागते. ‘दोन दिवस घातले, काही झाले नाही’ म्हणून पुष्कळजण ते टाकून देतात. साध्या ॲलर्जीसाठी डॉक्टर बहुधा याच दुसऱ्या जातीपासून सुरुवात करतात.

तिसरी जात डोळा पांढरा करणाऱ्या थेंबांची. यांत नॅफॅझोलिनसारखे द्रव्य असते. ते रक्तवाहिन्या आवळते आणि लाल डोळा बघता बघता पांढरा दिसू लागतो. लग्नाला किंवा मुलाखतीला जाणाऱ्याला हे मोठे सोयीचे वाटते. पण मूळ त्रास तसाच राहतो. आणि ही औषधे तीन दिवसांहून अधिक चालविली, तर थेंब थांबविताच डोळा पूर्वीपेक्षा अधिक लाल होतो. मग तो लालपणा घालविण्यासाठी पुन्हा थेंब. सावकाराच्या व्याजासारखेच हे चक्र आहे. काचबिंदूच्या काही रोग्यांना हे द्रव्य घातक ठरू शकते. लहान मुलाने ही बाटली तोंडात रिकामी केली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

चौथी जात स्टेरॉइडची, आणि आजचे व्याख्यान मुख्यतः तिच्यासाठी आहे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही त्यांतली नावे. आपल्यासाठी एक सोपी खूण सांगतो. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘लोन’ आले, अथवा नावात कुठे ‘प्रेड’ आले, तर थांबा आणि विचारा. पुष्कळदा हे द्रव्य एकटे नसते. जंतुनाशक औषधाच्या जोडीने एकाच बाटलीत असते. खोक्यावर जंतुनाशकाचे नाव आधी असते आणि स्टेरॉइडचे नाव मागे, बारीक अक्षरांत. म्हणून पहिले नाव वाचून थांबू नये, शेवटपर्यंत वाचावे.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असे आम्ही म्हणत नाही. ते फार मोठे औषध आहे. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी सांधे धरलेल्या रोग्याला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेला माणूस चालू लागला. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना त्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्याच्या काही आजारांत याच औषधाने दृष्टी वाचते. ॲलर्जीचा जोर फार झाला, बुबुळाला इजा होऊ लागली, तर डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात, तपासतात आणि बेताबेताने कमी करून बंद करतात. दोष औषधात नाही. मोजमाप न ठेवता, तपासणी न करता, महिनोन् महिने ते वापरण्यात दोष आहे.

मग नुकसान होते ते कसे? त्यासाठी आपल्या कात्रजच्याच तलावाचे उदाहरण घेतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्याकडे आणि शहरातल्या हौदांकडे नेले. त्या नळाला ठिकठिकाणी उसासे ठेवलेले होते. बांधणाऱ्यांना माहीत होते की पाणी आत येते तसे ते पुढेही गेले पाहिजे. वाट तुंबली तर दाब वाढतो आणि नळ फुटतो. आपल्या डोळ्यातही अशीच व्यवस्था आहे. डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि कडेच्या एका बारीक जाळीतून बाहेर पडतो. स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस चालले, तर काही माणसांत ही जाळी तुंबू लागते. द्रव तयार होतच राहतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. नळ फुटतो तसा डोळा फुटत नाही. पण पाठीमागची, मेंदूकडे जाणारी मज्जा त्या दाबाने हळूहळू सुकते. यालाच काचबिंदू म्हणतात.

काचबिंदूची दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत. या प्रकारात तो बहुधा दुखत नाही. आणि दृष्टी प्रथम कडेने जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून दृष्टी परत मिळविता येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणीही परत आणून देत नाही. उरलेली तेवढी राखता येते. स्टेरॉइडने मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो, आणि डोळ्याला बुरशीची किंवा नागिणीच्या घराण्यातल्या विषाणूची जखम असेल, तर ती आतून पसरते. उसाचे पाते डोळ्याला लागलेल्या शेतमजुराने असे थेंब घातले, तर दोन दिवस बरे वाटते आणि तोवर बुबुळ सडू लागते.

हे ज्ञान नवे नाही. थेंबांमुळे डोळ्याचा दाब वाढतो, हे १९५४ च्या सुमारास युरोपात नोंदले गेले. पुढे १९६० नंतरच्या काही वर्षांत आर्मली आणि बेकर या अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी पद्धतशीर पाहणी केली. साधारणतः तीन माणसांत एकाचा दाब थोडाफार वाढतो आणि शंभरांत चार-पाच जणांचा तो फार वाढतो, असे दिसून आले. हा वाढता दाब बहुधा काही आठवड्यांतच सुरू होतो. आपण त्या चार-पाचांतले आहोत की नाही, हे मोजल्याखेरीज कळत नाही. लहान मुलांना हा धोका अधिक असतो. अर्ध्या शतकाहून जुने हे ज्ञान ग्रंथालयात आहे, डॉक्टरांच्या खोलीत आहे. पण ज्याच्या खिशात बाटली आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचलेले नाही. ज्ञान थोड्यांकडे आणि धोका पुष्कळांच्या वाट्याला, ही स्थिती आम्हाला कारखान्यातूनही ओळखीची आहे.

डोळ्यांच्या ॲलर्जीचा एक तीव्र प्रकार आहे. त्याच्या शास्त्रीय नावातच वसंत ऋतूचे नाव आहे. तो उष्ण प्रदेशात अधिक आढळतो आणि लहान मुलांना, त्यांतही मुलग्यांना, अधिक होतो. पाच-सात वर्षांच्या वयात सुरू होतो, दर उन्हाळ्यात बळावतो आणि बहुधा वयात आल्यावर आपोआप ओसरतो. म्हणजे मूळ आजार एक दिवस जाणारा असतो. पण जोवर तो आहे तोवर मुलाला वर्षानुवर्षे खाज असते. आणि म्हणूनच जालीम थेंबांचा मोह याच मुलांच्या आईबापांना सर्वांत अधिक होतो.

आमच्या एका सभासदाच्या घरची हकीकत सांगतो. मुलाचे डोळे दर मार्चपासून खाजत. एका डॉक्टरांनी एकदा आठ दिवसांसाठी थेंब दिले. दुसऱ्याच दिवशी मुलगा हसू लागला. पुढच्या वर्षी खाज आली, तेव्हा बापाने रिकामे खोके दुकानात दाखविले आणि तीच बाटली आणली. डॉक्टरांकडे जावयाचे तर फी द्यावी लागते; पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. खोके दाखविले की दोन मिनिटांत काम होते. अशी तीन वर्षे गेली. खाज येई, थेंब पडे, खाज जाई. चौथ्या वर्षी मुलगा चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागला, क्रिकेट खेळताना बाजूने आलेला चेंडू त्याला दिसेना. घरच्यांना वाटले, पोरगे वेंधळे आहे. शाळेतल्या बाईंनी आग्रह धरला म्हणून डोळ्यांच्या तज्ज्ञांकडे नेले. दाब फार चढलेला होता. शस्त्रक्रिया झाली, उरलेली दृष्टी राहिली. गेली ती गेली.

या हकीकतीत बाप निष्काळजी नव्हता. तो मुलाची काळजीच घेत होता. दुकानदाराने विचारले नाही आणि खोक्यावर जे लिहिले होते ते त्याला वाचता येत नव्हते. ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार आपल्याच गावाने मराठी भाषेला दिला आहे. शाहिस्तेखानावर छापा पडला त्या १६६३ सालच्या रात्री बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते या घाटात सोडले, शत्रूने पलित्यांचा पाठलाग केला आणि महाराज दुसऱ्या वाटेने गेले, अशी कथा सांगतात. स्टेरॉइडचे थेंब अगदी हेच करतात. आपण खाजेच्या पलित्याकडे बघत राहतो. पलिता विझला की आपण निर्धास्त होतो. आणि धोका दुसऱ्या वाटेने, अंधारातून निघून जातो.

तेव्हा व्यवहारात काय करावयाचे ते सांगतो.

दुकानात एक प्रश्न विचारावा: ‘यात स्टेरॉइड आहे का?’ हा प्रश्न मराठीत विचारता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. असेल, तर चिठ्ठीशिवाय घेऊ नये. अशी औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाची, असा औषध नियमांचा दंडक आहे आणि खोक्यावर तसा इशारा छापलेला असतो. जुनी चिठ्ठी आणि रिकामे खोके ही परवानगी नव्हे. डॉक्टरांनी असे थेंब दिले, तर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: किती दिवस घालावयाचे, कसे कमी करावयाचे आणि डोळ्याचा दाब कधी तपासावयाचा. हे विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि चालू असलेले थेंब हे व्याख्यान ऐकून एकाएकी बंदही करू नयेत. डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने थांबवावेत.

आता थेंब घालण्याची रीत. हात साबणाने धुवावेत. खोक्यावरची मुदत पाहावी. मान मागे करावी, खालची पापणी बोटाने अलगद ओढून खळगा करावा आणि त्यात एकच थेंब सोडावा. डोळ्याचा खळगा एवढा लहान असतो की एक थेंबसुद्धा त्यात पुरा मावत नाही. दुसरा थेंब गालावरून ओघळतो, म्हणजे पैसा ओघळतो. बाटलीचे टोक पापणीला, बोटाला, कशालाही लागू देऊ नये. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. औषध नाकातून घशात उतरत नाही आणि डोळ्यातच राहते. दोन वेगळी औषधे असतील, तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. कॉन्टॅक्ट लेन्स असेल, तर काढून ठेवावी आणि थेंबानंतर निदान पंधरा मिनिटांनी घालावी. मात्र डोळा लाल असेतोवर ती न घालणेच चांगले.

बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी आणि महिन्याने ती टाकून द्यावी, औषध उरले असले तरी. एक बाटली, एक माणूस. घरात पाच माणसांची मिळून एक बाटली हा काटकसरीचा मार्ग नाही. बाटलीत जंतू शिरले तर काय होते, याचे एक उदाहरण देतो. २०२३ साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांतून, म्हणजे ज्या जातीला आम्ही सर्वांत निरुपद्रवी म्हटले तिच्यातूनच, एक चिवट जंतू पसरला. ते थेंब आपल्या देशात, तामिळनाडूत तयार झालेले होते. १८ राज्यांत ८१ रोगी आढळले, १४ जणांची दृष्टी गेली, ४ जणांचे डोळे काढावे लागले आणि ४ जण दगावले. तिथे संशय बाटल्यांच्या निर्मितीवर आला. आपल्या घरी निष्काळजी हातही बाटलीत जंतू घालू शकतात. उघडून ठेवलेली, खिशात फिरलेली, चारजणांच्या डोळ्यांना लागलेली बाटली डोळ्यात घालू नये.

ड्रायव्हर मंडळींसाठी दोन शब्द वेगळे. थेंब घातल्यावर काही मिनिटे अंधुक दिसते. तेवढा वेळ गाडी सुरू करू नये. आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. ‘गोळी घेतल्यावर झोप येते का?’ हे विचारल्याशिवाय गोळी घेऊन घाटात गाडी घालू नये. खाजणारा डोळा बरा, पण पेंगणारा डोळा नको.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांत थेंब शोधत बसू नये, डॉक्टर शोधावा. डोळा खाजण्याऐवजी ठणकतो; उजेड सहन होत नाही; अंधुक दिसते; दिव्याभोवती रंगीत वलय दिसते; पू येतो; एकाच डोळ्याला जोराचा त्रास आहे; काही लागले किंवा कण आत गेला आहे; लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला आहे. चुना, सिमेंट किंवा ॲसिड डोळ्यात गेले, तर क्षणाचाही विलंब न करता स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मग दवाखाना गाठावा. विमा योजनेतल्या कामगारांसाठी बिबवेवाडीचे राज्य विमा रुग्णालय आपल्यापासून फार दूर नाही. ससूनही आहे.

शेवटी आमच्या चळवळीच्या बाजूने दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. माणसाने सावध असावे, हे खरे. पण नुसत्या सावधगिरीने धूळ खाली बसत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३५ वे कलम खास डोळ्यांसाठी होते: जिथे कण उडतात किंवा प्रखर उजेड असतो तिथे पडदे किंवा योग्य चष्मे पुरविण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली होती. पुढे कामगार कायद्यांची नवी मांडणी झाली, कलमांचे आकडे बदलले. पण डोळा तोच आहे आणि कणही तोच आहे. बांधकामावर खडी-वाळू झाकून न्यावी, पाणी मारावे, चष्मा द्यावा आणि तो चेहऱ्याला बसणारा द्यावा. डोळे दाखविण्यासाठी कामगाराला अर्ध्या दिवसाची पगारी सवलत द्यावी. तो बाप दुकानात खोके घेऊन का गेला, याचे उत्तर त्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीत आहे. औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की ‘स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत’ अशी ठळक मराठी पाटी त्यांनी दुकानात लावावी. एखादे गिऱ्हाईक नाराज होऊन जाईल. पण त्याचा डोळा राहील.

आपण येथून घरी जाल तेव्हा एवढे करा. कपाटातल्या, फ्रिजच्या दारातल्या, देवळीतल्या थेंबांच्या बाटल्या बाहेर काढा. मुदत संपलेल्या आणि महिन्यापूर्वी फोडलेल्या फेकून द्या. उरलेल्यांवरची बारीक अक्षरे घरातल्या शिकत्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘सोन’, ‘लोन’ किंवा ‘प्रेड’ ऐकू आले, तर ही बाटली कोणी दिली, केव्हा दिली आणि किती दिवसांसाठी दिली, हे घरात विचारा. उत्तर मिळाले नाही, तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डोळ्याचा दाब मोजून घ्या. मोजायला फारसा वेळ लागत नाही.